पहिला पैसा कोण घालणार? केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

२०२५च्या जूनमधली गोष्ट. पुण्यात पावसाची मोठी सर आली की वीज जाते, तशी त्या दुपारीही गेली. तासाभराने दार वाजलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण ओल्या पंच्यात गुंडाळलेली एक तपकिरी बाटली घेऊन उभी होती. "ताई, बर्फ आहे का हो तुमच्याकडे?"

बाटलीत तिच्या आठ वर्षांच्या मुलाचं औषध होतं. रोज ठरल्या वेळी, सिरिंजने तोंडात, ६.६ मिलिलिटर. या हिशेबाने एक बाटली १२ दिवस पुरते. त्या वेळी एका बाटलीची किंमत ६ लाखांच्या घरात होती आणि ती बाटली नातेवाइकांनी, ऑफिसातल्या लोकांनी, अनोळखी माणसांनी वर्गणी काढून आणलेली होती. थोडा वेळ फ्रीजबाहेर राहिली तर लगेच बिघडत नाही, हे मी तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि बाटली बर्फाच्या डब्यातच ठेवली. वीज येईपर्यंत ती त्या डब्याशेजारी बसून होती.

मी रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवर काम करते. त्या बाटलीतला रेणू मुलाच्या शरीरात जाऊन नेमकं काय करतो, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण माझं रोजचं काम त्याच जातीच्या रेणूंचं आहे. म्हणून हे पत्र आपल्या खात्याला लिहिते आहे, आरोग्य खात्याला नाही.

त्या मुलाला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी जगवणारं एक प्रथिन त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही, कारण ते बनवणारं एसएमएन१ हे जनुकच निकामी आहे. निसर्गाने या जनुकाचं एक जुळं भावंड ठेवलं आहे, एसएमएन२. दोघांत जवळजवळ काही फरक नाही, पण एका मोक्याच्या जागी एक अक्षर बदललेलं आहे. जनुकावरून आरएनएची प्रत निघते, मग पेशी त्या प्रतीतले नको ते भाग कापून हवे ते तुकडे जोडते. त्या एका अक्षरापायी एसएमएन२च्या प्रतीतला सातवा तुकडा बहुतेक वेळा गाळला जातो आणि हाती येणारं प्रथिन टिकत नाही.

रिस्डिप्लाम हे औषध त्या जोडणीच्या जागी जाऊन बसतं. तिथे पेशीचा यू१ नावाचा आरएनए या प्रतीला चिकटून सांधा ओळखत असतो, पण ॲडेनीन हे आरएनएचं एक अक्षर बाहेर डोकावत असल्याने तो सांधा सैल राहतो. डुगडुगणाऱ्या पाटाखाली पाचर मारावी तसा हा रेणू तिथे शिरतो. सांधा घट्ट होतो, सातवा तुकडा जागेवर राहतो, प्रथिन पूर्ण बनतं. जनुकाला हात लावलेला नाही, प्रथिनालाही नाही. मधल्या आरएनएला फक्त आधार दिला. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. अशा प्रकारे आरएनएच्या कापाकापीत हात घालणारं तोंडाने घ्यायचं औषध बाजारात येणं ही आमच्या विषयातली फार मोठी घटना होती.

ती का, हे थोडक्यात सांगते. आजची बहुतेक औषधं प्रथिनांवर काम करतात. प्रथिनाला खोबण असते, रेणू तिच्यात किल्लीसारखा बसतो. पण आपल्या डीएनएपैकी प्रथिनांची कृती लिहिलेला भाग जेमतेम दीड टक्का आहे, आणि बनलेल्या प्रथिनांपैकीही पुष्कळांना औषध बसेल अशी खोबणच नसते. त्यांच्याआधीचा टप्पा असलेला आरएनए मात्र घड्या घालतो, वळसे घेतो, फुगवटे करतो, आणि त्या आकारांत नेमका बसणारा लहानसा रेणू घडवता येतो. लहान यासाठी की तो गोळीत किंवा सिरपात मावतो, पेशीत शिरतो, आणि कारखान्यात स्वस्तात बनवता येतो. एसएमएवरचं दुसरं एक औषध कण्यातून टोचावं लागतं. शेजारणीच्या मुलाला ते टोचताना धरून ठेवावं लागलं असतं. हे औषध तो स्वतः सिरिंज हातात घेऊन पितो.

महोदय, हे शास्त्र आपल्याला परकं नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं, तेव्हा आरएनएवर बसणारा लहान रेणूच आपण टनांनी बनवत होतो. स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जंतूच्या रायबोसोमला, म्हणजे त्याच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला धरतं, आणि तेही प्रामुख्याने त्यातल्या आरएनएला. ते तिथे कसं बसतं याचं अणूअणूचं चित्र २००० साली समोर आलं, ते बडोद्यात शिकलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेतून. २००९च्या नोबेलमागे हेच काम होतं. आज औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर वापरलं जाणारं लिनेझोलिडही रायबोसोमच्या आरएनएवरच बसतं. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. या दोन्ही औषधांची किंमत रुग्ण वेगळ्या रीतीनेही मोजतात: एकाने कान जातात, दुसऱ्याने हातापायांच्या नसा दुखावतात. जंतूचा आरएनए आणि आपल्या पेशींतला आरएनए यांत अधिक काटेकोर फरक करणारे रेणू कुणाला सगळ्यांत जास्त हवेत? आपल्यालाच.

आणि काम करणारी माणसंही आहेत. मुंबईच्या आयआयटीत, पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत, इंदूरच्या आयआयटीत, दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेत न्यूक्लिइक आम्लांना, म्हणजे डीएनए-आरएनएला धरणाऱ्या रेणूंवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. आयजीआयबीच्या गटाने २०१२ साली दाखवलं की तेच जुनं स्ट्रेप्टोमायसिन कर्करोगात वाढलेल्या मिर-२१ नावाच्या छोट्या आरएनएच्या पूर्वरूपालाही धरू शकतं. मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत रेणूंचा आकार दाखवणाऱ्या उच्च क्षमतेच्या एनएमआर यंत्रांची राष्ट्रीय सुविधा आहे. डोकी आहेत, यंत्रंही बऱ्यापैकी आहेत.

मग अडतं कुठे, ते सांगण्याआधी रिस्डिप्लामचीच कुळकथा सांगते. ती मोठ्या कंपनीच्या बैठकीत सुरू झाली नाही. एसएमए झालेल्या एका लहान मुलीच्या आईवडिलांनी २००३ साली अमेरिकेत एक प्रतिष्ठान काढलं. एसएमएन२च्या आरएनएची जोडणी लहान रेणूने सुधारता येईल, यावर त्या काळी कुणी पैज लावायला तयार नव्हतं. प्रतिष्ठानाने पीटीसी या छोट्या कंपनीला त्यासाठी पैसा दिला. रोशसारखी मोठी कंपनी २०११ मध्ये, काहीतरी हाती लागतंय असं दिसल्यावर आली. तरीही आधीचा एक रेणू प्राण्यांच्या डोळ्यांवर दुष्परिणाम दिसल्यामुळे थांबवावा लागला, आणि मग रिस्डिप्लाम आलं. पहिला पैसा, जो बुडण्याचीच शक्यता जास्त होती, तो आईबापांनी घातला होता.

आपल्या देशाने या गोष्टीचं शेवटचं पान फार चांगलं लिहिलं. रोशच्या पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात खटला चालला, ऑक्टोबर २०२५ मध्ये खंडपीठाने आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने याच औषधाची स्वस्त आवृत्ती आणणाऱ्या हैदराबादच्या नॅटको कंपनीचा मार्ग अडवला नाही, आणि बाटली १५,९०० रुपयांना जाहीर झाली. शेजारीण पेढे घेऊन वर आली होती. वर्षाला तीस बाटल्या म्हणजे अजूनही पावणेपाच लाख होतात, हा हिशेब तिने तोंडपाठ सांगितला, पण ती हसत होती. त्या दिवशी मला माझ्या देशाच्या औषध उद्योगाचा मनापासून अभिमान वाटला.

पण ज्या औषधाचा शोधच कुणी लावलेला नाही, ते स्वस्तात कसं बनवणार?

एससीए१२ या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. साधारण चाळिशीत हात थरथरू लागतात. चहाचा कप बशीवर वाजतो, सही बदलते, बँकेतून चेक परत येतो. पुढे तोल जातो, चालणं सुटतं. एका जनुकाच्या सुरुवातीच्या भागात सीएजी ही तीन अक्षरं वाजवीपेक्षा फार जास्त वेळा लागोपाठ लिहिली गेल्याने हा आजार होतो. १९९९ मध्ये त्याचं पहिलं वर्णन अमेरिकेतल्या एका कुटुंबावरून झालं, पण पुढे लक्षात आलं की जगात तो मुख्यतः भारतात आढळतो, त्यातही उत्तर भारतातल्या अग्रवाल समाजात. दिल्लीच्या एम्स आणि आयजीआयबीने या कुटुंबांसोबत दीर्घकाळ काम केलं आहे, रुग्णांच्या पेशींपासून मूलपेशी तयार केल्या आहेत. लागोपाठ आलेल्या अशा अक्षरांचा आरएनए केसांच्या पिनेसारखा दुमडतो, आणि तो आकार धरणारे रेणू घडवण्याची विद्या जगात आता बरीच पुढे गेली आहे. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारात सीयूजी अक्षरांची अशीच माळ पेशीच्या केंद्रकात एक आवश्यक प्रथिन शोषून बसते, आणि तिला सोडवणारे रेणू प्रयोगशाळांत बनले आहेत. एससीए१२साठी असा रेणू औषध होईलच असा दावा मी करत नाही. पण आजारात आरएनएचा वाटा किती, हे तपासायलासुद्धा आधी तो रेणू हत्यार म्हणून हातात हवा. बाहेरची कोणती कंपनी, कोणतं प्रतिष्ठान हा आजार हाती घेईल? रुग्ण आपले आहेत.

आता अडतं कुठे ते. आरएनए अतिशय नाजूक असतो. उघड्या बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी त्वचेवरची विकरं त्याचे तुकडे करतात. आम्ही हातमोजे बदलत राहतो, पाणीसुद्धा वेगळं वापरतो. मागे एका प्रयोगासाठी खास अणूंनी लेबल केलेला लांब आरएनए परदेशातून मागवला होता. थर्माकोलचा डबा, आत कोरडा बर्फ. तो वाटेत कागदपत्रांसाठी १७ दिवस अडकला. हाती आला तेव्हा डबा उचलताच कळलं, इतका हलका होता. माझ्या विद्यार्थिनीने तरीही आरएनए अखंड आहे का, हे दाखवणारं जेल लावून पाहिलं. जिथे एक ठसठशीत पट्टी दिसायला हवी होती तिथे वरपासून खालपर्यंत धुरकट फराटा. ती काही बोलली नाही, जेलचा फोटो वहीत चिकटवून खाली तारीख लिहिली. त्याच सुमारास तिची फेलोशिप आठ महिने आलेली नव्हती. कागदोपत्री ३७,००० रुपये महिना. प्रत्यक्षात ती संध्याकाळी बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती.

सरकार पैसा देत नाही असं मी म्हणणार नाही. २०२३च्या कायद्याने राष्ट्रीय अनुसंधान प्रतिष्ठान उभं राहिलं. २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटींच्या निधीला मंजुरी मिळाली. पण तो निधी तंत्रज्ञान-सज्जतेच्या (कल्पनेपासून तयार उत्पादनापर्यंतच्या नऊ पायऱ्यांपैकी) चौथ्या पायरीपासून पुढच्या प्रकल्पांसाठी, मुख्यतः कर्ज आणि भांडवलाच्या रूपात आहे. आरएनएवर बसणारा रेणू शोधण्याचं काम पहिल्या, दुसऱ्या, फार तर तिसऱ्या पायरीवर असतं. तिथे आमच्याकडे तीन-तीन वर्षांचे सुटे प्रकल्प असतात. तीन वर्षांत आरएनएचा आकार समजतो, काही रेणू हाती लागतात, आणि त्यांतला कोणता नुसता सगळीकडे चिकटणारा आणि कोणता खरोखर नेमका, हे पारखायच्या वेळी पैसे संपतात. ही पारख टाळता येत नाही. रिस्डिप्लामसारख्याच कामासाठी घडवलेलं ब्रानाप्लाम हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात वापरून पाहिलं, तेव्हा रुग्णांच्या नसांना इजा होऊ लागली आणि २०२२ मध्ये चाचणी बंद करावी लागली. नेमकेपणा हाच या शास्त्राचा सगळा जीव आहे आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून मागणी अशी आहे. आपल्या खात्याने आरएनए आणि लहान रेणू यांसाठी दहा वर्षांचा एक कार्यक्रम आखावा, आणि त्यात फक्त असे आजार घ्यावेत ज्यांच्यासाठी बाहेरून कुणी येणार नाही. एससीए१२ आणि औषधांना दाद न देणारा क्षय, सुरुवातीला एवढे दोन पुरेत. लेबल केलेला आरएनए देशातच बनवून चार दिवसांत कुठल्याही प्रयोगशाळेत पोहोचवणारं एक केंद्र त्यातून उभं राहावं. लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेसारख्या संस्थांनी दशकानुदशकं जमवलेले रेणू एकत्र करून कुठल्याही विद्यापीठातल्या संशोधकाला पारखायला मिळावेत, जिल्ह्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकालासुद्धा. आणि या कार्यक्रमातल्या मुलामुलींची फेलोशिप महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा व्हावी. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. माझी ती विद्यार्थिनी पीएच.डी. पूर्ण करून आता जर्मनीत आहे, आरएनएवरच काम करते. परत यायचं आहे, असं ती दर फोनवर म्हणते आणि मग विचारते, "मॅडम, तिकडे आता आरएनए किती दिवसांत मिळतो?"

पुढच्या अर्थसंकल्पाच्या मागण्या आपल्या खात्याकडून जाण्याआधी या पत्राचं उत्तर मिळावं, अशी विनंती आहे. बोलावलंत तर दिल्लीला येईन. जेलचा तो फोटो माझ्याकडे जपून ठेवलेला आहे, तो सोबत आणेन.

कळावे,

आपली नम्र,
पुण्यातील एक रसायनशास्त्र संशोधक