डाव्या हाताचं लग्न

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

सईला उजव्या हाताने लिहायला लावताय हे कळलं आणि राहवेना. काकू म्हणतात, "सासरी काय म्हणतील?" अगं, डाव्या हाताचा आणि सासरच्या मानाचा संबंध युरोपातल्या राजघराण्यांनी खरोखरच जोडला होता. ते ऐक आणि मग ठरव.

जर्मन राजकुळांत खालच्या दर्जाच्या मुलीशी लग्न झालं की त्याला डाव्या हाताचं लग्न म्हणत. नवरा वधूचा हात उजव्याऐवजी डाव्या हातात घ्यायचा. लग्न कायदेशीर, मुलंही औरस. पण बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादी नाही.

ऑस्ट्रियाचा वारस फ्रान्झ फर्डिनांड याने सोफी खोटेकशी असंच लग्न केलं. ती बोहेमियातल्या सरदार घराण्यातली, म्हणजे चांगली खानदानी, पण राजकुळातली नव्हे. 28 जून 1900 रोजी त्याला शपथ घ्यावी लागली की आपल्या मुलांचा गादीवर हक्क राहणार नाही. 1 जुलैला लग्न झालं, पण सम्राट आलाच नाही. पुढे दरबारी समारंभात ती राजकुळातल्या पोरसवदा मुलींच्याही मागून चालायची. नवरा पुढे आणि ही पार शेवटी. मला हे वाचवत नाही.

28 जून 1914 ला साराजेव्होत मात्र ती त्याच्या शेजारी मोटारीत बसली होती. तिथे दोघांनाही गोळ्या लागल्या. व्हिएन्नात तिची शवपेटी त्याच्या पेटीपेक्षा खाली ठेवली आणि वर पांढरे हातमोजे नि काळा पंखा. एके काळी ती एका आर्चडचेसच्या, म्हणजे राजकुळातल्या बाईच्या, पदरी होती, त्याची ही आठवण, असं लोक समजले. राजघराण्याच्या दफनघरात तिला जागा नव्हती. हे ओळखून त्याने आधीच आर्टश्टेटनच्या आपल्या वाड्यात दोघांसाठी कबर बांधून ठेवली होती. माझ्या लेखी त्याच्या सगळ्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं काम.

सुनंदा, डाव्या हाताला हलकं ठरवलं ते माणसांनी. काकूंना विचार, आरतीत रखुमाई विठोबाच्या कोणत्या अंगाला उभी असते?

सईची वही जरा उजवीकडे कलती ठेव, पेन्सिल टोकापासून थोडी वर धरू दे. म्हणजे लिहिलेलं हाताखाली पुसणार नाही. बाकाच्या डाव्या टोकाला बसवा असं बाईंना सांग, शेजारणीच्या कोपराला कोपर लागणार नाही. काकूंना नमस्कार. सईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र मला हवंय.

तुझी,
नीला