जेवण तोडून पावडर नको

कोल्हापूर,
१२ जानेवारी

प्रिय सच्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोटो पाहिला. तीन महिन्यांत दंड भरायला लागलेत, बघून फार बरं वाटलं. पण खाली लिहिलेली ओळ वाचली आणि जीव खालीवर झाला. साडेतीन हजारांचा प्रोटीनचा डबा आणलास, आणि ते पैसे भरून काढायला मेसचं रात्रीचं जेवण बंद केलंस? फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्र लिहितोय.

पावडर म्हणजे विष, असं तालमीतली जुनी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. चीज करताना दुधाचं जे पाणी उरतं, ते गाळून सुकवलं की झाली व्हे पावडर. घरी पनीर काढल्यावर आई ज्या पाण्यात कणीक मळते, त्याचंच हे भावंड. पचायला झटपट, आणि त्यात ल्युसिन भरपूर, म्हणजे प्रोटीनचाच एक घटक, जो मिळाला की शरीर स्नायू बांधायच्या कामाला लागतं. पण बांधकामाला इंधनही लागतं, सच्या. पोटात भाकरी-भात कमी पडला की शरीर तेच महागडं प्रोटीन सरपणासारखं जाळतं. रात्रीचं जेवण तोडून स्कूप घेतोस तेव्हा नेमकं हेच होतं.

आणि अंड्याचं पिवळं टाकून देणं आधी थांबव. २०१७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायामानंतर तरुणांना एकदा अख्खी अंडी दिली आणि एकदा तेवढंच प्रोटीन असलेला नुसता पांढरा भाग. अख्ख्या अंड्यांनी स्नायूंची बांधणी जास्त झाली. पिवळ्यात जे असतं ते पांढऱ्याला हात देतं.

आता तुझा हिशोब. वजन ६० किलो. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरलं, तर दिवसाला ९६ ग्रॅम झालं. चार अंडी, २५. अर्धा लिटर म्हशीचं दूध, १८ तरी. मूठभर शेंगदाणे म्हणजे ५० ग्रॅम, १२. तेवढ्याच कोरड्या हरभऱ्याची उसळ, १०. तीन ज्वारीच्या भाकरी, १२. उरलं ते १०० ग्रॅम पनीर भरून काढतं. पनीर नको त्या दिवशी सोयाबीनच्या वड्या. कोरड्या ४० ग्रॅममध्ये २० मिळतात. तुझा एक स्कूप २४ ग्रॅम प्रोटीनचा आणि शंभराच्या वर पडतो. चार अंडी तीस-पस्तीस रुपयांत येतात.

काल संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो होतो. म्हैस समोर बांधलेली, धार थेट ग्लासात. फेस इतका दाट की ग्लास तिरका केला तरी काठाला धरून राहतो. शेजारी तालमीतला एक पोरगा उभा होता, कान अजून लाल, मातीचा वास अंगाला. दोन ग्लास रिचवले आणि घरी जेवायला निघाला. दूध पिऊन त्याचं जेवण चुकलं नाही, एवढंच मला तुला दाखवायचं होतं. तालमीत थंडाईचे बदाम कुंडीत घोटताना पोरांचे हात भरून येतात, तरी थंडाईनंतर ताट असतंच.

माझं दोन वर्षांपूर्वीचं आठवतंय ना? एका दुकानातून स्वस्तातला डबा आणला, झाकणाखालचं सील सैल होतं आणि मी तसाच वापरला. आठवडाभर पोट गुबारलेलं, जुलाब, वजन दोन किलोंनी खाली. पुढे कळलं की काही ठिकाणी ग्लायसिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे सुटे घटक, मिसळून प्रोटीनचा आकडा फुगवतात. प्रोटीन किती ते नायट्रोजन मोजून ठरवतात आणि तो या आम्लांतही असतो, म्हणून आकडा बरोबर दिसतो. तुझंही पोट गच्च होतंय म्हणालास. ते साध्या व्हेमधल्या लॅक्टोजमुळे, म्हणजे दुधातल्या साखरेमुळेही असू शकतं. आयसोलेट म्हणजे जास्त गाळलेल्या व्हेमध्ये लॅक्टोज बरंच कमी असतं.

आणलेला डबा फेकू नकोस. सकाळच्या शिफ्टला अंडी उकडायला वेळ नसेल त्या दिवशी एक स्कूप दुधात घे. पण मेसच्या काकूंना आजच फोन करून रात्रीचा डबा परत सुरू कर, मी पैसे पाठवतो, ते सावकाश दे.

आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. घटकांची यादी आणि परवाना क्रमांक दोन्ही वाचता येतील असा काढ.

तुझा,
संज्या