सोहमचं विमान

बेळगाव,
रविवार रात्र

प्रिय विन्या,

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून लिहितोय. आईचा गुडघा बरा आहे, माझं बीपी गोळीवर आहे, पाऊस एकदाचा उघडलाय.

सोहमनं पहिल्या पगारातून विमान घेतलं, हातातल्या ट्रान्समीटरनं उडवायचं मॉडेल. तयार, ट्रेनर म्हणजे शिकाऊंसाठीचं, वर पंखाचं, चार चॅनलचं म्हणजे चार नियंत्रणांचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं आणि प्लायचं. संध्याकाळी खोका उघडला तेव्हा दादा, वहिनी, शेजारपाजार सगळे भोवती. लाकडावर ताणलेल्या लाल-पांढऱ्या फिल्मचं, कव्हरिंगचं, काय ते कौतुक! मी विमानाचं नाक हातात घेतलं आणि फायरवॉलच्या, म्हणजे मोटर बसते त्या पाटीच्या, कोपऱ्यावर अंगठा दाबला. चुर्र. बाकी कुणाला ऐकूही गेलं नाही. अशा आवाजाला कान असलेले आपले दाजी असते तर त्यांनी कपातला चहा तसाच खाली ठेवला असता.

टॉर्च लावून आत पाहिलं. दोन कोपऱ्यांत गोंद नीट ओघळलेला, तिसऱ्यात नुसता ठिपका, चौथ्यात लाकूड कोरडं ठाक. मोटरची सगळी ओढ आणि थरथर त्या एका पाटीवर येणार, विन्या! मग मी थांबलोच नाही. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, धरून एकेक हिंज, बिजागरी, ओढून पाहिली, डावीकडची टोकाची सरळ हातात आली. खाचेत सीए, तो झटपट चिकटणारा पातळ गोंद, गेलाच नव्हता. चाकांचा ठोकळाही हलतोय. आपलं गाव 2,500 फुटांवर, हवा जरा विरळ, विमान थोडं जास्तच वेगानं उतरणार. वर नवशिक्याचा हात. पहिल्याच धक्क्याला तो ठोकळा पोटाचं कव्हरिंग फाडून बाहेर येईल.

पण ते विमान भंगार आहे असं मी म्हणणार नाही, आणि हेच तुला सांगायचंय. शेपटीच्या दोन्ही टोकांपासून पंखाच्या टोकांपर्यंत दोरा लावून मापलं, दोन्हीकडे सारखं. पंख काचेवर ठेवला, कुठे पीळ नाही. फॉर्मर, धडाला आकार देणारे आतले आडवे तुकडे, लेझरनं इतके स्वच्छ कापलेत की आपल्याला करवतीनं तसे कधी जमले नसते. म्हणजे ज्यानं आराखडा केला तो जाणता आहे, आणि ज्यानं चिकटवलं त्याला कुणीतरी घाई लावली. गोंद दुरुस्त होतो. धडच वाकडं असतं तर मी त्याला तसंच परत पाठवायला लावलं असतं.

लोक मात्र बघतात सुरकुत्या. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, मग सुकतं, कव्हरिंगला सुरकुत्या पडणारच. इस्त्री फिरवली की गेल्या. तू त्या पिवळ्या विमानाच्या सुरकुतीवरून माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास, ते मी विसरलेलो नाही. आणि ‘बांधणारा तो सुतार, उडवणारा तो पायलट’ हे तुझं वाक्यही नाही. आलास की कुंदा नाही, आधी त्याचा हिशोब.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, तोही पाहिला. पुस्तिकेतल्या खुणेवर, पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्याला, बोटांवर तोललं तर शेपूट खाली जाते. बॅटरी पुढे सरकवली की भागेल, जागा आहे. नाक जड असलं तर विमान कंटाळवाणं उडतं, शेपूट जड असली तर ते हातातच राहत नाही.

माझी झोप उडालीय ती याच्यापायी. सोहम म्हणतो, येत्या रविवारी उडवायचं, सांबऱ्याच्या विमानतळापासून लांब, खानापूरच्या बाजूला माळावर. मी म्हटलं, चार दिवस माझ्याकडे ठेव, अराल्डाइट आणि त्रिकोणी पट्ट्या लावून देतो. वहिनी म्हणाल्या, “नव्या वस्तूला कशाला चाकू लावताय भावजी?” पोरगा काही बोलला नाही, खोका उचलून खोलीत गेला. आता ते नाक हवेत सुटलं, तर त्याला गोंद थोडाच दिसणार आहे? त्याला वाटेल आपलाच अंगठा चुकला. पहिलंच विमान पडलं की पोरं ट्रान्समीटर माळ्यावर टाकतात, आपल्या वर्गातल्या किती जणांनी असं सोडलं आठव. चूक कारखान्यातल्या घाईची आणि नाद हा सोडणार, हे मला बघवणार नाही.

मी परत बोललो तर त्याला वाटेल काकाला तयार विमानं आवडतच नाहीत. तू मात्र आयुष्यभर तयार विमानांची बाजू घेत आलास, तुझं तो ऐकेल. फोन कर. दोष सांगत बसू नकोस, फक्त म्हण, “फायरवॉल दाबून बघ आणि काय ऐकू येतं ते मला सांग.” पुढचं त्याचं त्याला कळेल.

मेघाच्या बदलीचं काय झालं? बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीला आशीर्वाद.

अराल्डाइट पूर्ण वाळायला रात्र जाते, म्हणून फोन बुधवारच्या आत कर. संध्याकाळी सातनंतर तो घरी असतो.

तुझा,
सुन्या