टिक् आलंच नाही

प्रिय बंड्या,

वर्षभर तुला पत्र नाही, आणि तुझे फोनही मी उचलले नाहीत. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी, गुडघा जुनाच.

मंगळवारी मुरघासाचा मका काढायचा होता. दाण्यावरची दुधाची रेघ निम्म्यावर उतरलेली, आणखी थांबलो असतो तर ताटं वाळली असती. सकाळीच आपल्या म्हाताऱ्या जॅग्वार कुट्टी मशीनच्या ड्रमवरच्या पात्यांवर दगड फिरवला आणि शिअर बार, म्हणजे पातं जिच्यावर कापतं ती स्थिर पट्टी, जवळ घ्यायला बसलो. ड्रम हळू फिरता ठेवायचा, थोडा डावा बोल्ट, थोडा उजवा, पात्यानं ‘टिक्’ केलं की किंचित मागं. तूच शिकवलंस. (मी शिकवलं, असं तू नसताना सांगतो.)

टिक् येईना. वाटलं, जागा आहे अजून. आवळत गेलो. तेवढ्यात पिंकी दोन्ही हात हलवत धावत आली. इंजिन बंद केलं तर म्हणते, “बाबा, केव्हाचं घासतंय!”

पात्यांची धार गेली, बारची कड खाल्ली गेली. मला काहीही ऐकू आलं नव्हतं, बंड्या. घरी सांगितलं, बोल्टचे आटे गेलेत. पिंकी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

तू कानात कापूस कोंबून बसायचास आणि मी तुला नवरी म्हणायचो. बिनकेबिनच्या मशीनवर इतके हंगाम काढले. बेअरिंग, पट्टा, ओला मका आला की दबणारं इंजिन, सगळं कानानंच ओळखायचो आपण. नव्या मशीनच्या बारला म्हणे ठोका ओळखणारे सेन्सर असतात, बटण दाबलं की बार आपोआप सरकतो. तेव्हा मी हसलो होतो. आणि हो, क्लास कंपनीची पहिली स्वतः चालणारी जॅग्वार, ६० एसएफ, १९७३ चीच. तुझं १९७५ चुकीचं. पैजेचं अजून बाकी आहे.

बुधवारी दगड पुन्हा फिरवला, बारची दुसरी कड पुढं घेतली आणि पिंकीला शेजारी उभं केलं. तिनं बोट वर केलं की मी थांबायचो. बार झकास बसला. कुट्टी सेंटिमीटरभर, एकसारखी, खड्ड्यात दाबली तर आत हवा राहू नये अशी. मशीनला काही झालेलं नाही. आता पिंकीनं पाना मागितलाय. द्यावा का? दिला तर मी काय करू, ट्रॉल्या मोजू?

वहिनींचं ऑपरेशन झालं का? धाकट्याचं जमलं असेल तर कळव. लिहूनच कळव, फोन नको.

मोबाइलवर ड्रमचा आवाज पाठवलाय. डाव्या बेअरिंगची घरघर येते, असं पिंकी म्हणते. तू ऐक आणि खरं काय ते लिही. कापसाबद्दल एक अक्षर लिहिलंस तर पत्र न वाचता फाडीन.

तुझाच,
सुऱ्या