उन्हात खेळायचा गेम

प्रिय ओंकार,

परवा फोनवर म्हणालास की मोबाइलमधले सगळे गेम काढून टाकलेस. रोज लॉगिन करा, आजचं बक्षीस घ्या, साखळी तुटू देऊ नका, ऑफर रात्री बारापर्यंतच. "आई, ऑफिसनंतरचं दुसरं ऑफिस झालं होतं ते." काढलेस ते बरंच केलंस. पण त्यापुढे जे बोललास, की आता खेळायचं वय सरलं, ते मला अजिबात पटलं नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हाची एक गोष्ट आठवते का बघ. निन्टेन्डो डीएसवर, म्हणजे वहीसारखं मिटणाऱ्या त्या दोन स्क्रीनच्या मशीनवर, झेल्डाचा 'फँटम अवरग्लास' हा गेम खेळत होतास. वरच्या स्क्रीनवर एक खूण, खालच्या स्क्रीनवर समुद्राचा नकाशा, आणि गेमचं सांगणं एवढंच की वरची खूण खालच्या नकाशावर दाबून उमटव. तू पेनाने टोचलंस, घासलंस, सगळी बटणं दाबून पाहिलीस. त्याच गेममध्ये फुंकर मारून मेणबत्त्या विझवता यायच्या, म्हणून माइकमध्ये फुंकलंसही. तिसऱ्या दिवशी मी जेवायला हाक मारली आणि तू चिडून मशीन मिटलंस. जेवून उठल्यावर उघडलंस, तर खूण उमटलेली! ओली शाई असलेली वही मिटली की समोरच्या पानावर डाग उठतो ना, अगदी तसं. उत्तर मशीनच्या बिजागरीत होतं. तू घरभर ओरडत पळालास आणि मला ते पुन्हा पुन्हा मिटून दाखवत राहिलास. त्यानंतर तुला पुष्कळ मोठाली यशं मिळाली, पण तसा चेहरा मी क्वचितच पाहिला.

ही गंमत टीव्हीसमोर बसून खेळायच्या गेममध्ये होऊ शकत नाही. टीव्ही मिटता येत नाही. हातात मावणारं मशीन मिटता येतं, तिरकं करता येतं, उचलून बाहेर नेता येतं, आणि काही माणसांना यातच खेळ दिसला. गेम बॉय कलर या हातातल्या मशीनवर 2000 साली कर्बीचा एक गेम आला. त्याच्या कार्ट्रिजमध्येच, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत, हालचाल ओळखणारा सेन्सर होता. मशीन तिरकं केलं की गोल गरगरीत कर्बी घरंगळायचा, वर झटका दिला की उडायचा. तुझ्या मोबाइलला आज हे सहज जमतं. तेव्हा त्यासाठी कार्ट्रिजमध्ये वेगळा भाग बसवावा लागला, आणि तोही एका गोळ्याला घरंगळवण्यासाठी. एवढ्या क्षुल्लक मजेसाठी कुणीतरी एवढे कष्ट घेतले, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

या सगळ्याच्या मागे निन्टेन्डो या जपानी कंपनीत काम केलेला गुनपेई योकोई नावाचा माणूस आहे. त्याने ट्रेनमध्ये एका प्रवाशाला कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेलं पाहिलं, आणि त्यातून त्याला खिशात मावणाऱ्या गेमची कल्पना सुचली. 1980 चा 'गेम अँड वॉच' तो हाच. स्क्रीन कॅल्क्युलेटरच्याच जातीची, तोपर्यंत स्वस्त आणि भरवशाची झालेली. जुनं, मुरलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला कुणी न योजलेल्या कामाला लावायचं, ही त्याची रीत. त्याच्याच 1989 च्या गेम बॉय या मशीनला रंग नव्हते, स्क्रीनच्या मागे दिवा नव्हता. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्स या प्रतिस्पर्धी मशीनला दोन्ही होतं, पण तो सहा सेल काही तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. लोकांनी गेम बॉयच निवडला ते तुला माहीतच आहे.

आता माझा सर्वांत लाडका गेम. 2003 चा 'बोकताई', गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा, हिदेओ कोजिमा या जपानी गेमकाराच्या कल्पनेतून आलेला. कार्ट्रिजवर ऊन ओळखणारा सेन्सर. गेममधल्या मुलाच्या हातात बंदूक, ती भरते सूर्यप्रकाशाने, आणि शत्रू म्हणजे रक्तपिपासू पिशाच्चं. बंदूक भरायची तर खऱ्या उन्हात जायचं! तू पाच वर्षांचा, माझ्या मांडीवर, आणि आपण दोघं डोक्यावर टॉवेल घेऊन उन्हात बसलेलो. ढग आला की स्क्रीनवरची ऊन मोजणारी पट्टी उतरायची आणि तू ढगाला रागवायचास. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली धरून बघितलं, पट्टी जागची हलली नाही. त्या मशीनच्या पहिल्या मॉडेलच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता, घरात डोळे ताणून बघावं लागायचं. उन्हात मात्र चित्र कसं लख्ख दिसायचं. ज्याला सगळे त्या मशीनचं उणं म्हणत होते, त्याच्याशी या गेमचं छान जमलं होतं.

'वारिओवेअर'ही तेव्हाचाच. दोनशेहून जास्त चिमुकले खेळ, प्रत्येक काही सेकंदांचा. एका शब्दाचा हुकूम येतो, तो कळेपर्यंत वेळ संपत आलेली. एकात नाकपुडीत बोट बरोबर घालायचं, बस्स. तू हसून हसून खाटेवरून खाली पडला होतास. त्यात शिकण्यासारखं काय, असं तेव्हा घरी कुणीतरी विचारलं. मला उत्तर द्यावंसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मोबाइलवर असं काही उरलेलं नाही असं तुला वाटतं. तसं नाही रे. 2014 चा 'डेझर्ट गॉल्फिंग' बघ. वाळू, चेंडू, खड्डा. बोट ओढून सोडायचं. एक खड्डा झाला की पुढचा, त्याला अंत दिसत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सोय नाही, फटक्यांचा आकडा फक्त वाढत जातो. फसलेला फटका कायमचा तुझ्या हिशेबात राहतो. कितीतरी खड्डे नुसती वाळू बघितल्यावर एक दिवस निवडुंग दिसतो आणि छातीत धडधडतं. एका निवडुंगाने! मी महिनाभर रोज झोपताना दोन-चार खड्डे खेळायचे. एकदाही त्याने मला 'परत ये' म्हणून बोलावलं नाही.

'नेको अत्सुमे'ही त्याच वर्षीचा. अंगणात खाऊ आणि खेळणी मांडायची आणि गेम बंद करून आपल्या कामाला लागायचं. मांजरं येतात ती आपण नसताना.

आणि 'फ्लोरेन्स' जरूर खेळ. 2018 चा, एका बैठकीत संपतो. दोन माणसं बोलू लागतात, तेव्हा प्रत्येक वाक्यासाठी तुला कोड्याचे तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, शेवटी जुळवायला फारसं काही उरतच नाही. मग भांडण येतं, आणि तुकड्यांना टोकं फुटतात. शब्दांत हे सांगायला मला चार पानं लागली असती, तिथे ते बोटांना कळतं. मी ते भांडण खेळून झाल्यावर तुझ्या बाबांना उगाच चहा विचारायला गेले.

हँडल फिरवायचं ते 'प्लेडेट' नावाचं पिवळं, हातात मावणारं मशीनही मला एकदा हाताळायला मिळालं. 2022 मध्ये आलेलं, स्क्रीन काळी-पांढरी. त्यावर एका यंत्रमानवाचा गेम आहे, त्याला प्रेयसीला भेटायला जायचंय. हँडल पुढे फिरवलं की त्याचा काळ पुढे, मागे फिरवलं की मागे. पण वाटेतल्या फुलपाखराला तुझ्या हँडलशी काही देणंघेणं नाही, ते आपल्याच वेळेने येतं. म्हणून तो फूल हुंगायला वाकलेला असतो नेमका तेवढ्या क्षणी त्याला थांबवायचं, म्हणजे फुलपाखरू वरून निघून जातं. तुझ्यासाठी एक मिळवायच्या खटपटीत आहे.

तोवर या पार्सलमध्ये तुझं जुनं गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आहे आणि त्यात बोकताई घालून ठेवलंय. डावं बटण जरा जोरात दाबावं लागतं. सेल नवे घातलेत, पण कार्ट्रिजमधल्या घड्याळाचा छोटा सेल बहुतेक संपला असेल, तेव्हा वेळ विचारली तर पुन्हा लाव. खिडकीशी बसून काम भागवू नकोस. रविवारी दहाच्या पुढे बाहेर जा, डोक्यावर टॉवेल घे, आणि पट्टी कुठवर चढली ते मला कळव.

तुझी,
आई