परवाना घरात, बंदूक ठाण्यात: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला शेतकरी. साडेचार एकर रान, त्यात तूर आणि हरभरा. आमच्या घरात आजवर कुणी शिकार केलेली नाही. वडील माळकरी. आई पिंजऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा नाल्यापलीकडे नेऊन सोडते. अशा घरातल्या माणसाला शासनाने मागच्या हिवाळ्यात रानडुक्कर मारायचा परवाना दिला, त्याची ही हकिकत. तक्रार पुढे आहेच, पण आधी थोडं हसून घ्या. आमचं गाव अजून हसतंय.

पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायची परवानगी मागता येते, तसा 2015 चा शासन निर्णय आहे, हे मला ग्रामसभेत कळलं. सातबारा, आधार आणि उकरलेल्या हरभऱ्याचे फोटो जोडून अर्ज दिला. कचेरीतल्या बाबूंनी फोटो उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "यात डुक्कर कुठं आहे?" मी म्हटलं, साहेब, ते रात्री दोनला येतं, फोटोसाठी थांबत नाही. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

तरी परवाना आला. आता बंदूक हवी. आजूबाजूच्या चार गावांत मिळून लायसनची बंदूक एकच, एका म्हाताऱ्या काकाजींची. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो, चहा झाला, मग ते म्हणाले, "बंदूक तं ठाण्यात जमा हाये जी. आचारसंहिता लागली ना." मत आमचं, बंदूक पोलिसांकडे, हरभरा डुकरांचा. निकाल लागून बंदूक घरी येईपर्यंत माझ्या परवान्याची मुदत उलटून गेली होती. पुन्हा अर्ज, पुन्हा सातबारा, पुन्हा तेच फोटो.

दुसऱ्यांदा सगळं जुळलं. काकाजींचं वय बहात्तर, मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलेला. त्यांना मचाणावर चढवताना मी वरून ओढत होतो आणि चुलतभाऊ खालून ढकलत होता. बॅटरी माझ्या हातात. चुलतभाऊ बांधावर उभा, डुकरं आली की हाकारा द्यायला. साडेबाराच्या सुमारास तुरीत खसखस झाली. काकाजींनी नेम धरला. मी बॅटरी मारली. दोन डोळे चमकले. तेवढ्यात खालून बोंब आली, "मारू नका जी! थो तं आपला गोऱ्हा होय!"

खरोखर माझाच गोऱ्हा होता, दावं तोडून आलेला. काकाजींनी चाप ओढला नाही, ही आमची पुण्याई. पण ते असे दचकले की मचाणाची फळी निसटली आणि आम्ही दोघंही खाली पऱ्हाटीच्या ढिगात. बंदुकीला खरचटलंसुद्धा नाही. काकाजींची कवळी मात्र उडाली. आमच्याकडे बॅटरी एकच, त्यामुळे तिघंही पहाटेपर्यंत तुरीत ओणवे होऊन कवळी शोधत बसलो. पाठीमागे हरभऱ्यात मचमच ऐकू येत होती. काकाजी म्हणाले, "आधी कवळी." सकाळी कवळी मिळाली. अर्ध्या एकरातला हरभरा गेला.

मग चुलतभावाचं डोकं चाललं. त्याने आठवडी बाजारातून स्पीकर आणला आणि मोबाइलमधली वाघाची डरकाळी त्यावर रात्रभर लावली. पहिल्या रात्री एक डुक्कर फिरकलं नाही. माणूसही फिरकला नाही. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, त्या आठवड्यात रात्रपाळी होती. पाणी द्यायला आलेले शेजारी मोटारी चालू ठेवून पळाले. सकाळी गावाच्या ग्रुपवर वाघ, दुपारपर्यंत वाघीण, संध्याकाळी तिला दोन पिल्लंही झाली. ताडोबाच्या जिल्ह्यात हे कुणाला खोटं वाटणार? वनरक्षक आले, पावलांचे ठसे शोधले, बांधावर कॅमेरा लावून गेले. चुलतभाऊ दोन दिवस तोंड शिवून घरात बसला. तिसऱ्या दिवशी कॅमेरा उघडला, तर त्यात माझ्याच स्पीकरला अंग घासत उभं असलेलं एक भलंमोठं डुक्कर. कचेरीला हवा होता तो फोटो असा शेवटी त्यांच्याच कॅमेऱ्यात निघाला.

(न्हाव्याकडचे केस बांधावर टाकणं, जुन्या लुगड्यांचं कुंपण, बाटल्या टांगणं हेही सगळं करून झालंय. डुकरांना लुगडी आवडत असावीत.)

आता कामाचं बोलतो. 1 एप्रिल 2023 पासून वन्यजीव कायद्याच्या नव्या अनुसूच्या, म्हणजे कुठल्या जनावराला किती संरक्षण त्याच्या याद्या, लागू झाल्या. डुक्कर आणि रोही आधी तिसऱ्या अनुसूचीत होते, ते आता दुसरीत गेले. म्हणजे आमच्या हरभऱ्यावर बढती झाली. आणि कलम 39 सांगतं की परवान्याने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता. साहेब, मेलेलं डुक्कर तुमचं असेल, तर जिवंतपणी ते माझं एकट्याचं कसं?

1932 साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला गव्हाची नासाडी करणाऱ्या इमूंवर तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी फौज धाडली होती. दोन मशीनगन, दहा हजार गोळ्या. पक्षी पांगले, बंदूक ऐन वेळी अडकली, ट्रकवर चढवली तर धक्क्यांनी नेम धरता येईना. शेवटी मेजरसाहेबांनी हिशेब दिला: 986 इमू, 9,860 गोळ्या. एका पक्ष्याला बरोब्बर दहा. असे घोटीव हिशेब मी फक्त आपल्याकडच्या पंचनाम्यांत पाहिलेत. जे फौजेला साधलं नाही, ते एक डोळ्याच्या काकाजींकडून साधायचं, अशी आपली योजना आहे.

हसण्यावारी न्यायची नाही अशीही एक गोष्ट आहे. कंटाळलेला माणूस कधीतरी थेट तारेत वीज सोडतो. त्या तारेत डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी. मग तो शेतकरी तुरुंगात जातो, आणि गेलाही पाहिजे. पण त्या तारेपर्यंत तो एका दिवसात पोचलेला नसतो.

झटका मशीनला, म्हणजे कुंपणाच्या तारेला हात लागला की नुसता झटका देणाऱ्या यंत्राला, अनुदान मिळतं, चांगलं आहे. पण मी माझ्या साडेचार एकरांभोवती तार लावली की डुकरं उपाशी राहत नाहीत, शेजारच्या रानात जातात. तो लावतो, मग त्याच्या शेजाऱ्याकडे. शेवटी सगळा कळप त्या बाईच्या दोन एकरांत, जिच्याकडे अनुदानाच्या वरचे पैसे भरायला नाहीत. म्हणून मागणी एकच: जंगलाच्या कडेने अख्ख्या गावशिवाराला मिळून एक कुंपण घाला, आणि त्याची देखभाल कुणी करायची हे कागदावर आधी ठरवा. त्यातूनही एखादं जनावर मारावंच लागलं, तर खात्याचा शिकवलेला माणूस पाठवा. मला परवाना नको.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला आपण नागपूरला याल. तिथून आमचं गाव गाडीने अडीच-तीन तास. हरभरा तेव्हा फुलावर असतो आणि डुकरं वेळेची पक्की. एक रात्र जागलीला या. घोंगडी आमच्याकडे आहे, मचाणाची फळी नव्याने ठोकली आहे, आणि काकाजी कवळी घरी ठेवून यायला तयार आहेत.

आपला,
चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी