परण्याला बँडच लागेल

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, डीजे सांगून टाकतो, बँडचं झंझट नको." मी नुसतं "बघू" म्हणाले. फोनवर तुझ्याशी वाद घालता येत नाही, मध्येच तुझी मीटिंग लागते. म्हणून कागद घेतला. जन्मभर फळ्यावर लिहिलेलं अक्षर अजून बरं आहे, तुला वाचायला त्रास होणार नाही.

लग्न तुझं आहे. हॉल तू बघ, पंगतीत काय करायचं ते सूनबाईला ठरवू दे, पत्रिकेवर कुणाकुणाची नावं टाकायची ते भांडण तुझे काका निस्तरतील. वाजप मात्र माझं. परण्याला, म्हणजे नवरदेव मारुतीला निघतो त्या मिरवणुकीला, बँडच लागेल, आणि मारुतीपर्यंत हलगी पुढे असेल.

तुला वाटेल, आईला जुन्याचं वेड. तसं नाही रे. तू दिलेल्या ब्लूटूथच्या डब्यावर मी रोज सकाळी गाणी ऐकते, स्वयंपाक त्याशिवाय होत नाही. डीजेवाल्या पोरांवरही माझा राग नाही, तीही पोटासाठीच करतात. पण त्या गाडीसमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं आणि शेजारच्याशी बोलता येत नाही. आणि वाजवतं कोण, ते दिसत नाही. माझं सगळं अडतं ते तिथेच. मला वाजवणारा माणूस समोर दिसायला हवा. ही खोड लहानपणापासूनची.

केजकडच्या आमच्या गावात घरं माळवदाची, मातीच्या सपाट छताची. वरात आली की पुरुष रस्त्यावर आणि आम्ही बायका-पोरी माळवदावर. बाईनं वाजंत्र्यासमोर उभं राहून ऐकायचं नसतं, असा शिरस्ता. त्यामुळे पुष्कळ वर्षं मी बँड वरूनच ऐकला. वरून काय दिसायचं, तर टोप्या, त्यांवरचे तुरे, ढोलाची गोल पाठ, आणि डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका. वरातीच्या दोन्ही बाजूंनी त्या चालायच्या, रोजानं सांगितलेल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ती जड बत्ती, तिचा सूंऽऽ असा आवाज, भोवती किड्यांचा थवा. अख्ख्या गावात बँडच्या हाताच्या अंतरावर असलेल्या बाया म्हणजे तेवढ्याच. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. त्यांना गाण्याकडे लक्ष द्यायची उसंत कुठली असणार! मान आखडलेली, लेकरू कडेला नाहीतर घरी, आणि वरात रेंगाळली तरी रोज तेवढाच.

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी मांडवात सनई-चौघडा असायचा. मांडवात मात्र बसता यायचं, घरचाच असल्यामुळे. सनईवाल्याच्या शेजारी एक पोरगा बसायचा. त्याच्याकडेही सनईच, पण तो गाणं वाजवायचाच नाही. एकच सूर धरून बसायचा, सकाळपासून अक्षता पडेपर्यंत. मोठा सनईवाला भूप घेवो की नाटकातलं पद, याचा सूर तोच. गाल फुगलेले, डोळे मांडवाच्या छताला लागलेले, आणि आवाज काही तुटत नाही. मी आईला विचारलं, हा श्वास कधी घेतो? ती म्हणाली, नीट बघ. मग दिसलं. गालात हवा साठवलेली असते, ती गालानं ढकलत राहायची आणि तेवढ्यात नाकानं आत घ्यायची. मी घरी येऊन तोंडात पाणी धरून तसं करून बघितलं आणि सगळी चोळी भिजवली. रेडिओवर सनई पुष्कळदा ऐकली होती, पण रेडिओनं तो पोरगा मला कधी दाखवला नसता.

हलगीचंही तसंच. तुला आठवत असेल, शाळेच्या वाटेवर लग्नघर असलं की तू कडब्याच्या जाळाभोवती उभा राहायचास आणि घंटा झाली तरी यायचा नाहीस. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं शेरडाचं कातडं. हवेत ओल असली, दव पडलं की ते सैलावतं आणि आवाज भदभद येतो. मग वाजवणारे रस्त्याच्या कडेला कडबा नाहीतर कागद पेटवतात, जाळावर हलगी फिरवतात आणि मधूनमधून बोटानं टिचकी मारून बघतात. टिचकीचा आवाज चढत जातो. एका क्षणी तो खणखणीत लागतो, की झालं. जरा जास्त धरली तर कातडं फाटतं. हे गणित कुणी लिहून ठेवलेलं नाही, ते टिचकी मारणाऱ्या बोटाला माहीत असतं.

बँडवाल्याचं दुखणं नेमकं उलटं. वैशाखातलं आपलं ऊन तुला सांगायला नको. उन्हात पितळ तापतं, हात लावू देत नाही, आणि फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर गरमीनं वर सरकतो. जुना क्लॅरिनेटवाला वाद्य पंच्यात गुंडाळून सावलीला ठेवतो, सुरुवात व्हायच्या वेळीच बाहेर काढतो. ट्रम्पेटवाले धरायच्या जागी फडकं बांधतात. असं ज्या बँडमध्ये दिसेल, तो बँड सांगावा. सगळेच चांगले वाजवतात असं मी म्हणणार नाही. निम्मे बेसूर असतात, लग्नसराईच्या भरात कुणालाही लाल कोट घालून उभं करतात, हातात नुसता खुळखुळा देऊन.

हे बँडचं प्रकरण मुळात गोऱ्या फौजेतलं, ते सोनेरी पट्ट्यांचे कोट तिथलेच. सॅक्सोफोन तर अॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियमच्या माणसानं काढला आणि 1846 साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते वाद्य आज धारूरच्या रस्त्यावर मारुतीच्या पाराशी भजन वाजवतं आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. मला वाटतं.

लग्न झाल्यावर मी माळवदावरून खाली उतरले, ते तुझ्या बाबांमुळे. त्यांना स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण राजदूतवर मागे बसवून कुठेही न्यायचे आणि मी ऐकत असेपर्यंत चहाच्या टपरीवर बसून राहायचे. खुलताबादच्या उरुसात आम्ही कव्वाली ऐकली. तिथं बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. ते 1337 साली गेले, आणि गाणं ऐकण्यात तल्लीन होणारे सूफी म्हणून त्यांची ख्याती. नांदेडला हुजूर साहिबमध्ये पेटी-तबल्यावरचं कीर्तन ऐकलं, शब्द निम्मे कळले नाहीत तरी उठवेना. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात थंडीत गोधडी पांघरून बसलो. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांचं काय सांगू! दोरी बांधून बायकांची बाजू वेगळी केलेली असायची, आणि कॅसिओवाला प्रत्येक गाण्याआधी एकदा उगाच सगळ्या पट्ट्या दाबून दाखवायचा. तेही मला आवडायचं.

एक गोष्ट मात्र तुझ्या पिढीला नीट कळायला हवी. हलगी आवडते म्हणून मी लिहिलं खरं, पण ती वाजवणाऱ्यांना तिचा निवडीचा हक्क कधी नव्हता. गावात कुणी मेलं, जत्रा भरली, साहेब आला, की हलगी घेऊन यायचं, ते बलुत्यातलं सक्तीचं काम. बदल्यात शिळी भाकरी. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर कित्येक घरांनी हलगी खाली ठेवली, आणि बरोबर केलं. गाणं त्यांनी सोडलं नाही. कॉलेजला मी औरंगाबादला होते, तेव्हा 14 एप्रिलला नागसेनवनात गायन पार्ट्या ऐकल्या. पेटी, ढोलकी, टाळ्या आणि वामनदादा कर्डकांची गाणी, पहाटेपर्यंत. गावात ज्यांना खाली मान घालून वाजवताना पाहिलं होतं, त्यांचीच पोरं तिथं छाती काढून गात होती. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, नामविस्तार झाला. तेव्हापासून दर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर माणसांचा पूर लोटतो आणि तिथंही ही गाणी असतात. तू एकदा जाऊन उभा राहा. हेडफोनमध्ये हे गाणं ऐकू येईल, पण आजूबाजूचे हजार गळे त्यात नसतील.

आता आपल्या लग्नाचं. माझ्या दोन अटी आहेत आणि त्या तुझ्या काकांना तूच सांगायच्या, मी सांगितलं तर त्यांना राग येतो. पहिली, वाजवणाऱ्यांची पंगत शेवटी बसणार नाही. पहाटेपासून उन्हात फुंकायचं आणि सगळे जेवून हात धुऊन गेल्यावर उरलेल्या भातावर बसायचं, हे मी खूप लग्नांत बघितलं. मारुतीहून परत आले की त्यांना सावलीत बसवून आधी पाणी, मग पहिल्याच पंगतीत ताट. दुसरी, ठरलेले पैसे त्याच दिवशी हातावर. "उद्या या, हिशेब करू" असं म्हणायचं नाही. हा उद्या कधी येत नाही, हे त्यांना आपल्याहून जास्त माहीत आहे.

त्यांचं वर्ष कसं जातं, कधी विचार केलास? तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत काय ते कमवायचं. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे शेतमजुरी नाहीतर मोंढ्यात हमाली. दुष्काळ पडला की लोक आधी वाजपाचा खर्च कापतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात बँडच्या दुकानांवर नुसते बोर्ड होते. 2020 ला तर मार्चअखेर टाळेबंदी लागली, ऐन सराईच्या तोंडावर, आणि अख्खा हंगाम गेला. बाजारातल्या एका बँड मास्तरनं तेव्हा युफोनियम, ते मोठं पितळी वाद्य, विकलं. ते परत घेतलं नाही अजून. त्याच्या बँडमध्ये तो खालचा घुमारा येत नाही, ऐकताना मला कळतं. तरी सांगणार त्यालाच.

कारण तो बघून वाजवतो. गेल्या हंगामात एका परण्यात मी मुद्दाम त्याच्या शेजारून चालले. नवरदेवाची आजी घोड्यामागून येत होती, गुडघे गेलेले, हातात काठी. पुढे पोरं धांगडधिंगा करत होती. मास्तरनं मागे वळून तिच्याकडे पाहिलं, क्लॅरिनेट जरा वर उचललं. ढोलवाल्याला ती खूण पुरली, ताल उतरला. एक जुनं भजन सुरू झालं, पोरं कुरकुरली. म्हातारीनं काठी सुनेकडे दिली आणि दोन्ही हात वर करून तिथंच गिरकी घेतली. एकच, अर्धीच म्हण. मग परत ताल चढला. कुणी फर्माईश केली नव्हती, कुणी नोट ओवाळली नव्हती.

तू पुण्यात हजारोंचं तिकीट काढून मैदानात गाणं ऐकायला जातोस, त्याला मी कधी नाही म्हणाले नाही. जा. डिसेंबरात सवाई गंधर्वलाही जाऊन बस, सूनबाईला घेऊन. पण गावी आलास की बाजारात त्या दुकानासमोर पाच मिनिटं थांबत जा. संध्याकाळी तालीम चालते, नवी गाणी मोबाइलवर लावून बसवतात. त्याला नावानं हाक मार, काय नवीन बसवलं विचार. ऐकणारा आहे म्हटल्यावर माणूस वेगळं वाजवतो.

सुपारी मी देऊन आले आहे. तुला विचारलं नाही.

आणि राहिला गोंधळ. लग्नानंतर घरी गोंधळ घालायचाच आहे, त्यात तडजोड नाही. धान्याचा चौक, पाच धाटं ज्वारीची, मध्ये घट, आणि गोंधळी संबळावर देवांना बोलवायला लागले की तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई अशी सगळी ठिकाणं एकामागून एक येतात. लहानपणी तू मांडीवर झोपायचास आणि संबळाचा ठेका बदलला की दचकून उठायचास. तुणतुण्यावरच्या म्हाताऱ्याचा आवाज आता बसला आहे, त्याचा मुलगा गातो, तो मात्र चांगला आहे. हे सगळं रात्री जेवणं झाल्यावर सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. तेव्हा रजा त्या हिशेबानं टाक. सकाळी ट्रॅव्हल्सनं निघतो, लॅपटॉप उघडायचाय, असलं काही मला ऐकवू नकोस. सूनबाईलाही सांगून ठेव, दुपारी झोप काढून घे म्हणावं.

बाबांचा गुडघा बरा आहे. लोणचं पाठवलंय, बरणी सरळ ठेव.

तुझी,
आई